न्हाणीवाला म्हातारा आणि आपलं भांडण

आक्का,

काल तुझ्या तेराव्याला लोक तुझ्याबद्दल जे बोलले ते ऐकून तू पंगतीतच उठून बसली असतीस. एक जण म्हणाला, "लई शांत बाई होती." दुसरा म्हणाला, "कधी कुनाला वर मान करून बोलली न्हाई." मी वाढायला उभी होते. हसू दाबता दाबता माझ्या हातातली आमटीची बादली हिंदकळली आणि पाहुण्याच्या धोतरावर दोन थेंब पडले. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये हे मला मान्य आहे, पण म्हणून इतकं खोटं बोलायचं? आपल्या दूध संस्थेत सरपंचाच्या घरचं दूध पातळ आलं म्हणून भर गल्लीतून बादली परत पाठवणारी बाई तू. त्या दिवशी सरपंच स्वतः भांडायला आला आणि तुझ्या हातचा चहा पिऊन, उलट माफी मागून गेला. ते मात्र काल कुणाला आठवलं नाही.

म्हणून मीच लिहायला बसले. मनीषानं, म्हणजे तुझ्या सुनेनं, शाळेतले कोरे कागद आणून दिले आणि म्हणाली, "काकू, जे मनात हाय ते लिहा." मनात काय आहे ते तुला ठाऊकच आहे. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. तेवढं मिटवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी या घरात आले तेव्हा तू थोरली जाऊ होतीस आणि मी तुला घाबरून होते. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी मला भाकरी थापायला बसवलं. मी डाव्या हातानं थापायला लागले आणि सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आगं बया, डावरी हाय की ही!" तेव्हा तू चुलीतलं लाकूड पुढे सारत, त्यांच्याकडे न बघता म्हणालीस, "भाकरीला कुठं कळतंय कोन्चा हात हाय ते." झालं. त्या दिवसापासून तू मला डावरी म्हणायला लागलीस. माझं खरं नाव तू संस्थेच्या मीटिंगपुरतं वापरायचीस, तेही नाइलाजानं. मीही लोकांसमोर तुला 'तुमी' म्हणायचे आणि चुलीपाशी 'तू'. हे आपण कधी ठरवलं नव्हतं, ते आपोआप तसं पडलं.

आणि पाठ. ज्या दिवशी डोक्यावरून न्हायचं असेल त्या दिवशी तुझी पाठ मी चोळायची आणि माझी तू. अंग घासायची तीच काळी वज्री, एका कडेला झिजलेली. तू खसाखसा घासायचीस, भांडं घासावं तशी. मी खालून वर, हळूहळू जायचे आणि तू ओरडायचीस, "जरा खाली! तिथं न्हाई, खाली!" सगळी उमर गेली, तरी ती जागा मला एका दमात कधी सापडली नाही.

मग त्या दुष्काळात आपण छावणीवर गेलो. सोसायटीनं गावाबाहेरच्या माळावर चाऱ्याची छावणी लावली होती. दोन म्हशी आणि ती मारकी गाय घेऊन आपण दोघी तिथं राहायला. आपले नवरे, दोघं भाऊ, गावात घर राखत होते, म्हणजे पारावर बसून होते. पाण्याचा टँकर यायचा तेव्हा यायचा. आंघोळ म्हणजे बाजेवर बसायचं, खाली परात ठेवायची, तांब्याभर पाणी अंगावर घ्यायचं. परातीत पडलेल्या पाण्यात लुगडं खळबळायचं आणि उरलेलं म्हशीच्या पाठीवर शिंपडायचं. एक पाणी किती जणांच्या अंगावरून जायचं याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. पाठ चोळायचं तर बंदच पडलं होतं.

अशात एके दिवशी अंबाजोगाईच्या कॉलेजातले एक सर पडदा आणि जनरेटर घेऊन आले. छावणीतल्या लोकांना जरा विरंगुळा म्हणून सिनेमा दाखवायचा होता. धारा झाल्या, दिवे लागले, मांडवाचं पांढरं कापड दोन खांबांना बांधलं. सर माइकवर म्हणाले, सिनेमा जपानी आहे.

"मारामारी हाय का?" कुणीतरी विचारलं.

"नाही."

"गानी?"

"एकही नाही."

अर्धी माणसं तिथंच उठली. आपणही उठलो असतो, पण तू माझा पदर ओढून खाली बसवलंस. "पावना एवढं सामान घेऊन आलाय. त्याला मोकळ्या अंगणात बोलायला लावायचं व्हय? बस." सिनेमा कळेल म्हणून आपण बसलोच नव्हतो. माणुसकी म्हणून बसलो होतो.

पडद्यावर एक म्हातारा. वाकलेला, कपाळाला पंचा बांधलेला. लाकडं फोडतोय, भट्टीत सारतोय. लाकडी पाट पुसून ओळीनं मांडतोय, छोट्या बादल्या पालथ्या घालतोय. सर माइकवरून मराठीत सांगत होते, "हे गावकीचं न्हाणीघर. घरोघरी न्हाणी नव्हती तेव्हा सगळं गाव इथं यायचं."

तू बसल्या जागेवरून विचारलंस, "गावकीचं म्हंजी सोसायटीचं का वो, सर?"

"तसंच समजा."

"मग ह्यो म्हातारा चेरमन का सेक्रेटरी?"

सर हसले. "सगळं तोच, बाई. पाणीसुद्धा तोच तापवतो."

"म्हंजी आपल्यावानीच," तू मला म्हणालीस आणि सावरून बसलीस. बायांच्या दूध संस्थेची तू चेअरमन आणि मी सचिव. दुधाच्या कॅन विसळण्यापासून सगळं आपल्याच गळ्यात. तेव्हापासून तो म्हातारा तुझ्या खात्यातला झाला.

त्या म्हाताऱ्याला विसर पडायला लागला होता. बायको जाऊन वर्षं झाली, गावात घरोघरी नळ आले, न्हाणीघरात कुणी फिरकत नाही, हे सगळं तो विसरला होता. म्हणून रोज संध्याकाळी भट्टी पेटवायचा, आपल्या सोप्याएवढा हौद काठोकाठ भरायचा आणि दारात वाट बघत बसायचा. तो हौद भरायला लागला तेव्हा छावणी गप्प झाली. तेवढं पाणी आपण किती दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हातारा तोटी सोडून लाकडं आणायला गेला आणि कशासाठी गेलो हेच विसरून अंगणात उभा राहिला. आत हौद भरला, सांडला, पाणी पायऱ्यांवरून रस्त्यावर वाहायला लागलं.

आणि तू ताडकन उभी राहिलीस. "आरं ए म्हाताऱ्या! तोटी बंद कर की! पानी चाललंय!"

कुणी हसलं नाही, आक्का. सगळ्यांच्या मनातलंच तू बोलली होतीस. पण खरी गंमत पुढे झाली. सरांचा भोंगा मोठा होता. ते पाण्याचं धो धो छावणीच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं आणि तिकडच्यांना वाटलं टँकर आला. अंधारातून घागरी, हंडे, डबडी घेऊन माणसं पळत आली. गुरंसुद्धा दावणीला उठून उभी राहिली, आपली मारकी गाय दावं तोडायला लागली. येऊन बघतात तर पडद्यावर जपानी म्हातारा.

एक जण सरांवर धावून गेला. "आमची चेष्टा करता का?" सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सिनेमा बंद केला, हात जोडले. तेव्हा तू मधे गेलीस. "टँकर येईल तवा येईल. ह्या म्हाताऱ्याचं काय झालं ते बघू द्या की आमाला. तुमी बी बसा." आणि बसले की! घागरी बाजूला ठेवून सगळे खाली बसले. जपानी सिनेमाला एवढं गिऱ्हाईक कुठं मिळालं नसेल.

पुढचं मला कालच्यासारखं आठवतं. म्हाताऱ्याचा शहरातला मुलगा न्हाणीघराला कुलूप लावून बापाला घेऊन जायला येतो. ते गावाला कळतं. मग संध्याकाळी एक न्हावी खांद्यावर पंचा टाकून येतो. मग मासे विकणारी बाई. मग मास्तर. मग म्हाताऱ्याशी कित्येक वर्षं अबोला धरलेली शेजारीण. सगळे घरी न्हालेले असतात, तरी येतात. म्हातारा प्रत्येकाला विचारतो, "पाणी बरोबर आहे का?" सगळे म्हणतात, बरोबर आहे. कुणीही कुणाला भाषण देत नाही. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू पदराचं टोक दातात धरून बसली होतीस.

शेवटी सगळे गेल्यावर मुलगा बापाला पाटावर बसवतो आणि मागे बसून त्याची पाठ चोळतो. बराच वेळ. म्हातारा मागे न बघता काहीतरी बोलतो. एकच वाक्य. मुलाचा हात थांबतो. मग धुराड्यातून धूर, आणि संपलं.

ते वाक्य सरांनी सांगितलंच नाही. त्यांचा गळा भरून आला होता. माइक हातात तसाच धरून ते उभे राहिले. लोक उठून गेले आणि सकाळी आपण शेणगोठा उरकून बघतो तर सर सामान बांधून निघून गेलेले.

तिथून आपलं भांडण सुरू झालं. कडब्याच्या पेंढ्यांवर आडव्या पडल्या पडल्या मी म्हटलं, "म्हाताऱ्यानं त्यालाबी तेच इचारलं आसंल. पानी बरोबर हाय का. पोराला ओळखलं न्हाई त्यानं."

"ओळखलं," तू म्हणालीस.

"कशावरून?"

"पाठीला हात कळतो, डावरे. नाव इसरलं तरी."

"भाकरीला कळत न्हाई म्हनली होतीस."

"भाकरी काय जल्मभर ऱ्हाती व्हय?"

मी म्हणायचे, ओळखलं नाही हेच तर त्या सिनेमातलं खरं आहे. बाप ओळखत नसताना पोरगं पाठ चोळतंय, म्हणून ते मोठं. ओळखलं म्हटलं की गोड शेवट झाला, आपल्या सिनेमांसारखा. तू म्हणायचीस, "तुला शिकून लई कडू आवडाया लागलंय." मी दहावी, एवढंच माझं शिक्षण, पण भांडणात तू मला नेहमी प्रोफेसर करायचीस. भांगलताना, कॅन धुताना, युसूफ वडगावच्या बाजारातून पेंडीची गोणी आणताना टेंपोच्या मागच्या फाळक्यापाशी बसून, हे भांडण आपण किती वेळा केलं. दुसऱ्या कुणाला पत्ता नव्हता की या दोन बाया भांडतायत ते घरातल्या कुणावरून नाही, जपानमधल्या एका म्हाताऱ्यावरून.

पण तुझं मोठेपण त्या भांडणात नव्हतं, ते पुढं दिसलं. छावणी उठली तोवर गावातली निम्मी जनावरं आष्टीपासून परळीपर्यंतच्या बाजारांत गेली होती. संस्थेत दूध कुठून यायचं? सकाळी एक कॅनसुद्धा भरेना. दुधाची गाडी म्हणाली, एवढ्यासाठी वाट वाकडी करणार नाही. मीही म्हणाले, "आक्का, चार महिने कुलूप लावू. जनावरं आली की उघडू."

तू म्हणालीस, "त्या म्हाताऱ्यानं कुलूप लावलं का?"

"त्याला इसर पडला हुता!"

"मग आपुन बी इसरू. दूध न्हाई ते इसरायचं आन् दार उघडायचं."

रोज पहाटे तू दार उघडलंस. जिच्याकडे तांब्याभर दूध असेल तिनं तांब्याभर आणायचं, कुणी हसायचं नाही, असं फर्मान काढलंस. बाया पदराखाली लपवून आणायच्या. धनगरवस्तीवरच्या बाया शेळीचं दूध घेऊन आल्या तेव्हा मी म्हटलं, हे कॅनमध्ये चालत नाही. तू त्यांना परत पाठवलं नाहीस. वेगळं पातेलं ठेवलंस, त्याचा चहा केलास. मग जिचं जनावरच विकलं गेलं होतं तीही चहाला यायला लागली. मी कुरकुरले, "ही कावून आली? हिच्याकडं तर शेपूट बी न्हाई." तू माझ्याकडे डोळे वटारून म्हणालीस, "न्हानीत घरी न्हालेली मानसं आली न्हाईत का?"

तेव्हा मला तो सिनेमा कळला, आक्का. सरांनी माइकवर सांगितलेला नव्हे, तुझा. सकाळी कुठंतरी जायचं असतं, कुणीतरी दार उघडून बसलेलं असतं आणि विचारतं, आलीस का, एवढ्यानं माणूस तगतो. त्या चहापाशी बसून बायांनी पुन्हा म्हशी आणायचे बेत केले. एकीनं आणली, मग दुसरीनं. गाडी पुन्हा वळली. आज संस्थेची पक्की इमारत आहे, दूध गार ठेवायची मोठी टाकी आहे, आणि ते शेळीच्या दुधाच्या चहाचं पातेलंही अजून आहे. त्याच्या बुडाला पडलेला पोचा मी ठोकू दिला नाही.

मधे कधीतरी मनीषा म्हणाली, असा सिनेमा आता फोनवर सापडेल, शेवटचं वाक्य काय ते मी वाचून सांगते. तिनं खरंच शोधून काढला. तोच म्हातारा, तोच पंचा. "लावू का?" आपण दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदमच म्हटलं, "नगं." ती चक्रावली. तू तिला म्हणालीस, "भांडन मिटलं तर आमी दोघींनी बोलावं काय?"

पुढं तुलाच विसर पडायला लागला. आधी लांबच्या पाहुण्यांची नावं गेली, मग शेजाऱ्यांची, मग पोरांची. सगळ्यात शेवटी माझं. ज्या दिवशी तू मला "बसा की, बाई" म्हणालीस त्या दिवशी मी गोठ्यात जाऊन रडले, हे तुला सांगितलं नव्हतं. पण रडणं फार टिकलं नाही, कारण तू सुखात होतीस. दारातल्या खुर्चीत बसायचीस आणि जो येईल त्याला विचारायचीस, "किती आनलंस?" पोस्टमनला, डॉक्टरला, मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यालासुद्धा. पुढारी गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "दोन लिटर म्हणा." तो म्हणाला, "दोन लिटर." तू म्हणालीस, "फॅट बघू," आणि आम्ही सगळे हसलो, तूही.

मनात मात्र मला वाटायचं, बघ, माझंच खरं झालं. म्हातारा सगळ्यांना तेच विचारत होता, तशीच तूही. भांडण मी जिंकले होते आणि त्यात काडीचाही आनंद नव्हता. तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण हरलो असतो तर बरं झालं असतं. ओळख नसली तरी चालतं, असं पेंढ्यांवर पडून म्हणणं सोपं होतं. मला ती हवी होती. एकदा तरी, तू मला बघून डावरे म्हणावंस, एवढंच.

मग एके दिवशी सकाळी मनीषानं तुला न्हाणीत खुर्चीवर बसवलं, बादलीला तोटी सोडली आणि टॉवेल आणायला गेली. मी मागे पाटावर बसले. तू विचारलंस, "तुमी कोन्च्या गावच्या?"

"हितलीच हाय."

"बरं हाय गाव," तू म्हणालीस.

मी ती जुनी वज्री घेतली. तुझी पाठ आता अगदी एवढीशी झाली होती. खालून वर, हळूहळू. मी कुठंतरी हरवले असेन, कारण बादली भरून वाहायला लागली ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

"डावरे," तू मान न वळवता म्हणालीस, "तोटी बंद कर. पानी चाललंय."

मी बंद केली. मग तू जराशी पुढं वाकलीस आणि म्हणालीस, "आन् जरा खाली चोळ. तिथं न्हाई, खाली." मी खाली गेले आणि या वेळी जागा सापडली असावी, कारण तू पुन्हा ओरडली नाहीस.

अंग पुसून दारात बसवल्यावर तू मला विचारलंस, "किती आनलंस?" मी म्हटलं, "लई आनलं, आक्का." तू मान हलवलीस. त्यानंतर माझं नाव तुझ्या तोंडी आलं नाही, आणि ते यावं म्हणून मी वाटही पाहिली नाही. पोट भरलं होतं.

मनीषाला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, सवयीनं आलं आसंल तोंडात." असेल. सवय म्हणजे तरी काय असतं? काल सगळे पाहुणे गेल्यावर ती फोन घेऊन माझ्याजवळ बसली. "आता तरी लावू का? शेवटचं वाक्य ऐकायचं का?" मी तिला फोन बाजूला ठेवायला सांगितलं. मला ते माहीत आहे.

न्हाणीत त्या दिवशीच तुला म्हणायला हवं होतं, पण तेव्हा गळ्यातून शब्द फुटला नाही. सरांचं तेव्हा काय झालं असेल ते मला त्या सकाळी कळलं. आता म्हणते.

तुझं खरं होतं, आक्का. म्हाताऱ्यानं ओळखलं होतं.